गुडघा, कांदा आणि पंचवीस किलोग्रे

"डॉक्टरसाहेब, दुसऱ्या कुणाची कशाला? माझी घ्या की! मला आता कुठं कबड्डी खेळायचीय?"

अण्णांनी हे इतक्या सहज म्हटलं, की जणू शेजाऱ्याला पाण्याची मोटार दोन दिवस वापरायला द्यायची होती. प्रत्यक्षात ते स्वतःच्या मांडीतली शीर मला देऊ करत होते. मी टेबलावर पाय लांब करून पडलो होतो आणि छताकडे बघत होतो. कारण अण्णांकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

हिंमत नसण्याचं कारण हॉस्टेलमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नव्या ज्युनिअर मंडळींसाठी सांगतो. सेकंड इयरच्या शेवटी कबड्डी खेळताना माझ्या उजव्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा हा दोर. तो आपोआप जुळून येत नाही. म्हणून डॉक्टरांनी माझ्याच मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, काढून त्यांचा नवा दोर वळला आणि हाडात भोकं पाडून बसवला. "नऊ महिने नाचायचं नाही, पळायचं नाही," असं बजावलं. पाचव्या महिन्यात गणपती विसर्जन आलं. ढोल वाजायला लागले, आणि पुढचं मी लिहीत नाही. "कट्" असा आवाज ढोलातूनसुद्धा मला एकट्याला ऐकू आला.

त्यामुळे ही दुसरी वेळ. पहिला दोर माझ्या मूर्खपणात गेला होता. आता दुसरा आणायचा कुठून? डॉक्टरांनी बोटं मोजली. गुडघ्याच्या वाटीखालचं टेंडन, वाटीच्या वरचं, दुसऱ्या पायातलं हॅमस्ट्रिंग, आणि चौथा पर्याय म्हणजे दात्याचं टेंडन. "दाता म्हणजे?" अण्णांनी विचारलं. "मृत्यूनंतर शरीर दान केलेल्या माणसाचं," डॉक्टर म्हणाले. यावर अण्णांनी ते "माझी घ्या की" म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत हे मला फार आवडलं. ते म्हणाले, "काका, वेडं काही बोलला नाहीत तुम्ही. ऑस्ट्रेलियात सिडनीला लहान मुलांच्या गुडघ्यात आई-वडिलांच्या मांडीतलं टेंडन बसवलेलं आहे. पण तुमच्या मुलाला त्याची गरज नाही." मग अण्णांनी दुसरा प्रश्न टाकला, "आणि ते मेलेल्या माणसाचं... शुद्ध करून घेतात का? कसं करतात?" बाहेर पेशंटची रांग लागली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "इंजिनिअर होणार ना तू? आठवडा आहे तुझ्याकडे. शोधून काढ आणि वडिलांना समजावून सांग. मग ठरवू."

असा मला सबमिशनपेक्षा अवघड असाइनमेंट मिळाला.

लायब्ररीतून आणि नेटवरून छापून आणलेले कागद कॉटवर पसरून बसलो, तेव्हा रूम पार्टनरने पहिल्या पानावरचा 'स्टरिलायझेशन' हा शब्द वाचला आणि संपूर्ण विंगला ओरडून सांगितलं, "अरे, याची नसबंदी करतायत!" दोन दिवस मी पाणी प्यायला कॉरिडॉरमध्ये गेलो नाही. तर मित्रांनो, नसबंदी नव्हे, निर्जंतुकीकरण! आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

मला सर्वांत आधी सुचलं ते कुकर. ऑपरेशनची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेत शिजवून निर्जंतुक करतात, तसंच टेंडनही शिजवावं. याचं उत्तर पुस्तकात नाही, आमच्या घरातच मिळालं. माझा पाय मोडल्यापासून आई दर रविवारी पायाचं सूप करत होती. बोकडाचे पाये कुकरला लावायचे, दहा-बारा शिट्ट्या घ्यायच्या. त्यातल्या चिवट पांढऱ्या शिरा, ज्या सुरीलाही दाद देत नाहीत, त्या विरघळून चिकट रस्सा होतो. त्या शिरा म्हणजेच टेंडन. टेंडन जवळजवळ सगळं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं असतं. तीन धाग्यांचा पीळ, अशा असंख्य पिळांची दोरी. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास तो पीळ सुटतो, दोरी आखडते, आणि पुढे तिचं जिलेटिन होतं. म्हणजे टेंडन कुकरला लावलं, तर गुडघ्यात बसवायला दोर नाही, सूप उरेल!

दुसरा मार्ग म्हणजे विषारी गॅस. इथिलीन ऑक्साइडने प्लॅस्टिकची सिरिंज वगैरे गरम न करता निर्जंतुक करतात. टेंडनवरही तो वापरून झाला. पण त्याचे अवशेष टेंडनमध्ये अडकून राहतात, आणि गुडघ्यात गेल्यावर सांध्याच्या अस्तराला सूज येते. १९९० च्या सुमारास असे अनुभव प्रसिद्ध झाले आणि टेंडनसाठी हा मार्ग मागे पडला.

तिसरा मार्ग गॅमा किरणांचा. कोबाल्ट-६० च्या कांड्यांसमोर बंद पाकिटातलं टेंडन ठेवायचं. किरण पाकिटाच्या आरपार जातात, आतले जंतू मरतात, आणि पाकीट उघडेपर्यंत नवा जंतू आत शिरत नाही. रूढ मात्रा २५ किलोग्रे. एक ग्रे म्हणजे एका किलोला एक ज्यूल. मी हिशोब केला. २५ किलोग्रे म्हणजे किलोमागे २५,००० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम सहा अंशांनी तापतं! आपल्या मेसचा चहासुद्धा त्यात कोमट होणार नाही. पण तीच ऊर्जा अणु-रेणूंच्या पातळीवर गोळीसारखी लागते आणि जंतूंच्या डीएनएचे तुकडे करते.

शनिवारी घरी गेलो. आमचं गाव निफाड तालुक्यात. थोडे कांदे, थोडी द्राक्षं. ओसरीवर पाय उशीवर ठेवून मी अण्णांना हे सगळं सांगायला लागलो. 'गॅमा किरण' म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "म्हणजे लासलगावला कांद्याला देतात तेच ना? कोंब येऊ नये म्हणून?"

मी गप्पच झालो. चार दिवस डोकं फोडून मला जे कळलं, ते अण्णांना आधीपासून ठाऊक होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचा कृषक प्रकल्प लासलगावातच उभा राहिला. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे दिले की कोंब धरत नाही. २००७ साली अमेरिकेला गेलेल्या हापूसला तिथेच ४०० ग्रे दिले होते. टेंडनची मात्रा कांद्याच्या तीनशे-चारशे पट. "पण त्यात किरण राहून जातात का?" हा आईचा प्रश्न. नाही. टॉर्चचा उजेड भिंतीवर पडला म्हणून भिंत उजेड देत बसत नाही. कोबाल्टच्या किरणांनी टेंडन किरणोत्सारी होत नाही.

मग अण्णांनी विचारलेला प्रश्न आमच्या व्हायव्हाच्या एक्स्टर्नललासुद्धा सुचला नसता.

"एवढी मात्रा देतात, तर जंतू मरतील. पण शिरेचं काय होतं?"

द्राक्षवाल्याला हा प्रश्न पडणारच. फवारणीचं प्रमाण चुकलं तर डावणी जाते, पण घडही जळतो.

आणि सगळी मेख तिथेच आहे. किरणांना जंतू आणि कोलॅजेन यांतला फरक कळत नाही. ते कोलॅजेनचे धागेही तोडतात. शिवाय टेंडनमध्ये पाणी असतं. किरणांनी पाण्याच्या रेणूंचे तुकडे होतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. हे भटके तुकडे इकडेतिकडे फिरून आणखी धागे तोडतात. मात्रा वाढत जाते तशी दोराची ताकद घटत जाते. सेकंड इयरला यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड ओढून तोडतो ना आपण? तसंच एसीएल ओढून पाहिलेलं आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत २२ ते ३५ वयाच्या दात्यांचं एसीएल सरासरी २१६० न्यूटनला तुटलं. म्हणजे जवळजवळ २२० किलो. बदली दोराकडून आपली अपेक्षा निदान एवढी. त्याला जंतूंपासून वाचवता वाचवता आपणच कच्चा करून बसलो, तर काय उपयोग?

मग मात्रा कमी करायची का? इथे थोडं गणित येतं, पण लॉग टेबल उघडायला नको. किरणांनी जंतू एकदम मरत नाहीत, दर टप्प्याला दहातले नऊ मरतात. समजा पाकिटात हजार चिवट जंतू आहेत आणि एका टप्प्याला अडीच किलोग्रे लागतात. पहिल्या टप्प्यानंतर उरले शंभर, मग दहा, मग एक. पुढच्या टप्प्याला एकाचा एक दशांश. म्हणजे अशा दहा पाकिटांपैकी एकात एक जंतू. असे एकूण नऊ टप्पे झाले, की दहा लाख पाकिटांत एखाद्यात जंतू उरण्याची शक्यता राहते. 'निर्जंतुक' या शब्दाचा कारखान्यातला अर्थ एवढाच आहे. शून्य नाही, दहा लाखांत एक. हे वाचल्यावर मला थोडं दचकायला झालं. आपण किती शब्द 'शून्य' समजून वापरतो!

पण याच गणितात सुटकेची वाट आहे. सुरुवातीला हजाराऐवजी दहाच जंतू असले, तर दोन टप्पे वाचले. पाच किलोग्रे कमी! म्हणून शहाणे लोक सगळा भार शेवटच्या किरणांवर टाकत नाहीत. आधी दाता नीट निवडायचा. त्याचा आजार, त्याचा इतिहास, रक्ताच्या चाचण्या. शरीर वेळेत थंड करायचं. टेंडन काढताना ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छता पाळायची. मग रसायनांनी ते धुऊन रक्त, चरबी, मज्जा काढून टाकायची. तेवढं झालं की कमी मात्रा, साधारण १० ते २० किलोग्रे, पुरते. तीही ड्राय आइसवर गोठवून देतात, म्हणजे पाण्याचे ते भटके तुकडे बर्फात जागच्या जागी अडकून राहतात आणि धाग्यांपर्यंत पोचत नाहीत. अण्णांनी याचं एका वाक्यात सार काढलं: "बाग आधीपासून स्वच्छ ठेवली तर शेवटी औषध कमी लागतं."

आणि आधीची कामं कुणी नीट केली नाहीत तर? नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका २३ वर्षांच्या तरुणाच्या गुडघ्यात दात्याचं हाड आणि कूर्चा बसवली. नेहमीचं, ठरवून केलेलं ऑपरेशन. चार दिवसांत तो गेला. क्लॉस्ट्रिडियम नावाचा जंतू त्या तुकड्यात होता. दात्याचं शरीर मृत्यूनंतर १९ तास थंड केलेलं नव्हतं. तेवढ्या वेळात आतड्यातले जंतू शरीरभर पसरतात. तो तुकडा स्वच्छ वातावरणात हाताळला होता, अँटिबायोटिकमध्ये बुडवला होता, पण शेवटचं निर्जंतुकीकरण झालेलं नव्हतं. आणि क्लॉस्ट्रिडियम स्वतःभोवती कवच करून बीजाणू होऊन बसतो, त्याला अँटिबायोटिकची आंघोळ पुरत नाही. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने शोध घेतला तेव्हा दात्यांच्या अशा ऊतींमुळे जंतुसंसर्ग झालेल्या २६ जणांची नोंद झाली. त्यातले १३ क्लॉस्ट्रिडियमचे. बरेचसे एसीएलसाठीच टेंडन बसवलेले, म्हणजे माझ्यासारखेच. २००५ च्या मे महिन्यात तिथे ऊती हाताळण्याचे कडक नियम लागू झाले.

२३ वर्षं. मी २१ चा आहे. ते पान मी अण्णांना वाचून दाखवलं नाही.

व्हायरसची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना मारायला जंतूंपेक्षा जास्त किरण लागतात. एचआयव्हीसाठी ३० किलोग्रेच्याही वर, आणि तिथे टेंडनचं नुकसान परवडत नाही. म्हणजे व्हायरस दात्याच्या रक्तातच पकडावा लागतो. अमेरिकेतच २००० साली गेलेल्या एका दात्याच्या रक्तात हेपॅटायटिस सीच्या अँटिबॉडी सापडल्या नव्हत्या. संसर्ग इतका ताजा होता, की शरीराने त्या तयारच केल्या नव्हत्या. २००२ मध्ये त्याचं गुडघ्याचं टेंडन बसवलेला एक पेशंट आजारी पडला, तेव्हा माग काढला. त्या एका दात्याकडून आठ जणांना लागण झाली होती. किरण दिलेलं हाड ज्यांना मिळालं होतं, त्यांच्यात मात्र कुणालाही नाही. आता अँटिबॉडीची वाट न बघता थेट व्हायरसचाच जनुकीय अंश शोधणारी चाचणी करतात.

"आपल्याकडे आहे का असं काही?" अण्णांनी विचारलं. आहे. मुंबईला टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिशू बँक १९८८ पासून आहे. तिथे दान आलेली हाडं आणि वारेचं पातळ आवरण प्रक्रिया करून किरणांनी निर्जंतुक करण्याचं काम झालं. ट्रॉम्बेचा आयसोमेड हा वैद्यकीय वस्तूंना किरण देणारा प्लँट १९७४ सालचा. अवयवदानाचा १९९४ चा कायदा २०११ मध्ये सुधारला आणि त्याच्या नावात अवयवांबरोबर 'ऊती' हा शब्द आला. तरीही आपल्याकडे एसीएलची बहुतेक ऑपरेशनं पेशंटच्या स्वतःच्याच टेंडनवर होतात.

आठवड्याने परत डॉक्टरांकडे गेलो. मी माझी वही उघडली. पाच मिनिटं ऐकल्यावर ते म्हणाले, "आता एक गोष्ट राहिली. टेंडन कितीही छान निर्जंतुक केलं, तरी ते मांडवासारखं असतं. त्यातल्या पेशी मेलेल्याच असतात. तुझ्या पेशी हळूहळू त्यावर चढतात आणि त्याचं लिगामेंट करतात. दात्याच्या मांडवावर त्या जरा उशिरा चढतात. आणि तू काही नऊ महिने शांत बसणारातला नाहीस, हे आपण पाहिलंय." २०११ साली अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दात्याचं टेंडन पुन्हा तुटण्याची शक्यता स्वतःच्या टेंडनच्या सुमारे चौपट निघाली, आणि कोवळ्या वयात धोका सर्वांत जास्त. वय जास्त असेल, धावपळ कमी असेल, किंवा एकदम दोन-तीन लिगामेंट तुटली असतील, तर दात्याचं टेंडन वरदानच. माझ्यासाठी मात्र माझंच वाटीखालचं टेंडन.

मला एकदम हायसं वाटलं. आणि बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर थोडी लाजही वाटली. कारण मला हायसं वाटलं ते त्या चौपटीमुळे नव्हतं. मेलेल्या माणसाचा तुकडा आपल्या पायात नको, हे मनाच्या तळाशी आठवडाभर बसलेलं होतं. किलोग्रे, न्यूटन, दहा लाखांत एक हे सगळं मी वर रचत होतो, खाली ती किळस तशीच होती. जंतू मारायची मात्रा मला पाठ झाली होती. या किळशीची मात्रा कुठल्याच कागदात नव्हती.

आणि जिकडे मी किळस करत होतो, तिकडे कुणीतरी घरातलं माणूस गेल्याच्या दिवशी, डोळे पुसत, कागदावर सही करतं. त्यांना ज्याच्या गुडघ्यात तो दोर जाणार त्याचं नावही ठाऊक नसतं. ते विसर्जनात नाचून तो तोडेल का, हेही विचारत नाहीत. त्या सहीमागची सगळी मेहनत, ते धुणं, ते गोठवणं, ती मोजून मारलेली किरणं, यांचा हेतू एवढाच, की दिलेली वस्तू घेणाऱ्याला बाधू नये आणि तिचं मोलही कमी होऊ नये. या दोन टोकांच्या मधली जागा फार अरुंद आहे.

अण्णा रिक्षात बराच वेळ गप्प होते. गेल्या वर्षी गावातल्या शिबिरात त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. नाशिकच्या स्टँडवर उतरताना ते म्हणाले, "का रे, त्या डोळ्यांच्या फॉर्मवर या शिरा लिहिता येतात का?" मी म्हटलं, "विचारतो." अजून विचारलेलं नाही. हा लेख छापून येईपर्यंत विचारीन, असं इथे लिहून ठेवतो, म्हणजे टाळता येणार नाही.

ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. हॉस्टेलचा जिना मी एकेक पायरी, कठड्याला धरून उतरतो. रेक्टर सरांनी खालची खोली दिली होती, पण रूम पार्टनर सोडायला तयार नाही. नसबंदीवाल्या विनोदाचं प्रायश्चित्त म्हणून तो माझी बादली वर आणतो. आत कुठेतरी माझ्या पेशी एकेक करून मांडवावर चढत असतील. त्यांना घाई नाही.

यंदाच्या विसर्जनाला मी मिरवणुकीत असेन, पण ढोलाच्या मागे नाही. पाणी वाटायच्या टेम्पोत, बसून.